दुखण्याचे मोजमाप

कमरेचे दुखणे हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न व्याख्यानाचा मथळा वाचून काही मंडळींनी आम्हांस केला. इतिहास म्हणजे गड, तह आणि लढाया. आपल्या समोरचा सिंधुदुर्ग १६६४ साली बांधावयास घेतला, तीन वर्षांत पुरा झाला, पायात शिसे ओतले, हे येथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु ते दगड आणि तो चुना ज्यांनी होड्यांतून खडकावर चढवला त्यांच्या पाठीचे पुढे काय झाले, हे कोणत्याही बखरकाराने लिहिलेले नाही. दुखणे हे ज्याचे त्याने सोसावयाचे आणि ज्याचे त्याच्याबरोबर सरणावर जावयाचे, अशी आपली शतकानुशतकांची समजूत. ती समजूत मोडून दुखणे मोजता येते काय, आणि त्यावरचे परंपरेचे उपाय कसाला लावता येतात काय, याचा प्रयत्न माणसांनी केला. त्या प्रयत्नाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. आमची शाळा सातव्या इयत्तेत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कंदिलाखाली आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. पण गेली तीस वर्षे ज्यांच्यात आम्ही वावरतो त्यांचे मुख्य भांडवल म्हणजे पाठ, गुडघे आणि मनगटे. बंदरावरचे हमाल, चिरेखाणीतले कामगार, काजूच्या कारखान्यात दिवसभर एकाच बैठकीत बसणाऱ्या बायका, रापणीचे दोर ओढणारी माणसे. पहाटेच्या अंधारात वीसतीस माणसे दोन्ही अंगांनी दोर धरून, टाचा वाळूत रोवून, मागे मागे सरत जाळे किनाऱ्याला आणतात. पर्यटकांना ते दृश्य मोठे रम्य वाटते आणि ते रम्य आहेही. मात्र पन्नाशी उलटलेल्या रापणकराला घरी जाऊन विचारा. तो म्हणेल, “आता वाकाक जमना नाय.” बस्स, इतकेच म्हणेल. दुखण्याची तक्रार करणे हा आपल्याकडे पुरुषार्थाला कमीपणा समजतात, आणि बायकांनी तक्रार केली तर ती कोणी ऐकत नाही.

या दुखण्यावर किनाऱ्याने आपले उपाय शोधले होते. उंडीच्या बियांचे तेल एके काळी दिव्यात जळे, आणि तेच सांध्यांना चोळीत. निर्गुडीचा पाला तव्यावर परतून त्याचा शेक देत. मुका मार लागला तर लेप, लचक भरली तर हाडवैद्य. आणि काहीच चालेनासे झाले म्हणजे तापल्या सळईचा डाग. डागाला सुश्रुतसंहितेत अग्निकर्म असे भारदस्त नाव आहे, गावात त्याला तसले नाव नव्हते. यांतले काही उपाय खरोखर गुणकारी असतील, काही निव्वळ समाधानाचे असतील आणि काही अपायाचेही असतील. कोणते कोणत्या रकान्यात घालावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

“आमच्या आज्याला गुण आला” हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. का, ते सांगतो. पाठीत उसण भरली तर बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप उतरते. जुनाट दुखण्याला तर समुद्रासारखी भरतीओहोटी असते. माणूस उपाय शोधावयास बाहेर पडतो तो भरतीच्या दिवशी, दुखणे अगदी टोकाला गेल्यावर. त्यानंतर ओहोटी लागावयाचीच असते. मग त्या दिवशी ज्याने तेल चोळले त्याला यश, ज्याने सुई टोचली त्याला यश, आणि ज्याने अंगारा दिला त्यालाही यश. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. दुखण्याचा स्वभावच फसवा आहे.

यातून वाट काढण्याची युक्ती साधी आहे. सारख्याच दुखण्याच्या माणसांचे दोन गट करावयाचे, एकाला उपाय द्यावयाचा, दुसऱ्याला द्यावयाचा नाही, आणि दोहोंची तुलना करावयाची. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने रक्तपिती झालेले बारा खलाशी घेतले, दोघादोघांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. वैद्यकातली ही प्रसिद्ध परीक्षा खलाशांच्या अंगावर झाली, हे किनाऱ्यावरच्या माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे दोनशे वर्षांनी, १९४८ साली, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा विलायतेत प्रसिद्ध झाली. कोणता रोगी कोणत्या गटात जाणार हे तीत डॉक्टराच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. त्यावर आणखी एक कडी आली. रोग्यालाही कळू द्यावयाचे नाही आणि तपासणाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही की खरे औषध कोणाला आणि दिसायला तशीच पण पोकळ गोळी कोणाला. दुखण्याच्या बाबतीत ही कडी फार महत्त्वाची, कारण आपल्याला औषध मिळाले या नुसत्या भावनेनेही दुखणे काही अंशी हलके होते.

आता आपण परळला जाऊ. मालवणी माणसाला परळ सांगावयास नको. ज्या लालबाग-परळच्या चाळींत कोकणच्या तीन पिढ्या एकाआड एक पाळीत झोपल्या, त्यांच्याच मध्यावर १९२६ साली गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय उभे राहिले. देणगीदारांच्या विश्वस्तांनी अट घातली होती की येथे शिकवणारे डॉक्टर हिंदी असावेत. त्या काळात ही अट म्हणजे राजकारणच होते. गिरणीत बोट गेले, छातीत कापसाची धूळ भरली, पाठ धरली, की चाकरमानी येथेच येई. पुस्तकांत ज्यांना ‘रोगी’ म्हणतात ते आमचेच चुलते आणि मामे होत.

याच केईएममधून डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीवरचा आपला लेख ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. रक्तदाब वाढलेल्या पन्नास रोग्यांवर केलेली ती परीक्षा. सर्पगंधा आपल्या वैद्यांना आणि वैदूंना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती, पण जगाने ती मानली या मोजमापानंतर. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. हा विषय दुखण्याचा नाही, म्हणून येथे फार थांबत नाही. मात्र परंपरेची मुळी आणि आजचा कस या दोहोंची गाठ परळातच पडली, एवढे नोंदवून ठेवतो.

त्याच महाविद्यालयाचा एक विद्यार्थी म्हणजे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूरचा. पण कोटणीस घराण्याचे मूळ आपल्या वेंगुर्ल्याचे. (वेंगुर्ला हे गाव वैद्यकाच्या बाबतीत मोठे नशीबवान म्हणावयाचे. अमेरिकन मिशनचे रुग्णालय तेथे होते, आणि तेथल्या गोहीन डॉक्टरांचा वेंगुर्ल्यातच जन्मलेला मुलगा पुढे अमेरिकेचा राजदूत होऊन दिल्लीला आला.) जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक मदतीस पाठवले. अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईच्या धक्क्यावरून निघाले. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फेपऱ्याच्या झटक्यांनी वारले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला तो पुष्कळांनी पाहिला असेल.

येथे एक लोकसमज दुरुस्त करावासा वाटतो. सुया टोचून दुखणे घालवण्याची चिनी विद्या कोटणीसांनी हिंदुस्थानात आणली, असे आपल्याकडे ऐकू येते. तसे झालेले नाही. कोटणीस हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. जखमी सैनिकांच्या गोळ्या काढणे, हातपाय वाचवणे हे त्यांचे काम. येनानच्या शांतता रुग्णालयात सुयांच्या उपचाराचा विभाग उघडला तो १९४५ साली, कोटणीस गेल्यानंतर. औषधांचा तुटवडा, नाकेबंदी आणि हजारो जखमी, या कोंडीत त्या सेनेच्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांकडे पाहिले. ही विद्या आपल्याकडे आणली ती पथकातल्या बिजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे सुयांचा उपचार शिकले आणि कलकत्त्यास येऊन करू लागले. आपल्या दिवंगत सोबत्याचे नाव त्यांनी त्या कार्याला जोडले. लुधियानात कोटणीसांच्या नावाने याच उपचाराचे रुग्णालय चालते ते त्याच धाग्याने. ज्याने आयुष्यात कदाचित एकदाही ती सुई टोचली नसेल त्याच्या नावाने ती देशभर फिरली. मैत्रीची ही तऱ्हा आम्हांस फार आवडते.

कायद्याची पावले मागाहून पडली. पश्चिम बंगालने १९९६ साली कायदा केला, केंद्र सरकारने २००३ साली या उपचारास मान्यतेचा आदेश काढला, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. कायद्याने मान्यता मिळाली म्हणजे गुण सिद्ध झाला असे नव्हे. ज्या १९३८ साली कोटणीस बोटीवर चढले त्याच साली मुंबई इलाख्याने कायदा करून वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली. नोंदणीने वैद्याला पाटी लावता आली. त्याच्या काढ्याची परीक्षा झाली नाही, ती पुढे पन्नास वर्षे राहूनच गेली.

या बाबतीत कोरियाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. कोरिया आपल्याहून कितीतरी लहान, आणि परकी सत्ता त्यानेही भोगली. जपानी स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झाला असता तेथल्या राजाने हो जुन या राजवैद्याला एक वैद्यकग्रंथ रचण्याची आज्ञा केली. तो ‘तोंगुई पोगाम’ १६१३ साली छापून निघाला, आणि २००९ साली युनेस्कोने त्याला जगाच्या स्मृतिठेव्यांत स्थान दिले. आमच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळीच. ग्रंथ पंडितांच्या चिनी भाषेत आहे, पण वनस्पतींची नावे लोकांच्या लिपीत, लोकांच्या बोलीत दिली आहेत, की गरिबाला आपल्या परसातली मुळी ओळखता यावी. पुढे १९१० ते १९४५ जपानी अंमल आला. १९१३ च्या नियमांनी या वैद्यांना डॉक्टरांहून खालच्या पायरीवर बसवले. स्वातंत्र्यानंतर, युद्ध पेटले असतानाच, १९५१ साली दक्षिण कोरियाने कायद्याने त्यांना डॉक्टरांच्या बरोबरीला आणले. १९८७ साली त्यांचे उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात घेतले, आणि १९९४ साली सरकारी संशोधन संस्था काढली.

विम्यात घेतले, यात सारे मर्म आहे. पैसा रोग्याच्या कनवटीचा असेतो हिशोब मागणारा कोणी नसतो. तो सार्वजनिक तिजोरीतून जाऊ लागला की कोणीतरी विचारतोच, की बाबांनो, या सुईने कंबर खरोखर थांबते का?

पण सुईची परीक्षा घ्यावयाची कशी? पोकळ गोळी करता येते, पोकळ सुई कशी करणार? टोचले की नाही हे माणसाला कळतेच. यावर १९९८ च्या सुमारास जर्मनीत आणि थोड्याच काळात पार्क नावाच्या कोरियन संशोधकाने अशा सुया तयार केल्या, की त्यांचे टोक बोथट असते आणि दाबले की सुई आपल्याच मुठीत सरकते. नाटकातली कट्यार जशी छातीत घुसल्यासारखी दिसते, पण पाते मुठीत शिरते, तसाच प्रकार. रोग्याला स्पर्श कळतो, आत काहीच जात नाही.

अशा खोट्या सुईशी तुलना करून कोरियातल्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीच्या १३० रोग्यांवर परीक्षा केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवडे उपचार, आठव्या आठवड्यात मोजणी. खऱ्या सुईच्या गटाचा त्रास खोट्या सुईच्या गटापेक्षा अधिक उतरला. त्याच वर्षी तेथलीच दुसरी परीक्षा आली. पाठ धरून अडकलेले, धड चालता न येणारे ५८ रोगी. निम्म्यांना सुया टोचून तशाच स्थितीत आधाराने चालवले, निम्म्यांना डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाने सुयांच्या गटाला अधिक आराम होता. येथे मात्र आमचा हात जरा आखडतो. इंजेक्शन घेतलेल्याला आपण काय घेतले हे ठाऊक होते, सुयांवाल्यालाही ठाऊक होते, आणि प्रयोग झाला तो याच उपचारांच्या रुग्णालयांत. ज्याचे दुकान त्याचाच तराजू असला म्हणजे वजन खोटे असते असे नाही, पण दुसऱ्या तराजूवर पुन्हा घालून पाहावे लागते.

दुसरा तराजू जर्मनीचा. तेथल्या विमा संस्थांच्या पैशाने झालेली मोठी परीक्षा २००७ साली छापली गेली. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रोगी, तीन गट. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा खऱ्या सुया टोचलेल्यांपैकी शेकडा ४७.६ लोकांना बरीच सुधारणा झाली होती. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी शेकडा ४४.२. आणि गोळ्या, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी शेकडा २७.४.

हे तीन आकडे नीट पाहा. सुयांचा भक्त पहिला आणि तिसरा आकडा दाखवून म्हणतो, पाहा, गोळ्यांपेक्षा सुई कितीतरी सरस. सुयांचा वैरी पहिला आणि दुसरा आकडा दाखवून म्हणतो, पाहा, खरी आणि खोटी सारखीच, म्हणजे सगळा मनाचा खेळ. दोघेही खरेच बोलतात, आणि दोघेही एकेक आकडा झाकून ठेवतात. पुढे २०१२ साली २९ परीक्षांतल्या जवळजवळ अठरा हजार रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडीशीच. २०२० साली कंबरदुखीवरच्या ३३ परीक्षा एकत्र तपासणाऱ्यांनी सांगितले, की काहीच न करण्यापेक्षा सुई बरी, खोट्या सुईहून मात्र ती रोग्याला जाणवण्याइतकी सरस दिसत नाही.

मग त्या शेकडा चव्वेचाळीस लोकांना बरे कशाने वाटले? तज्ज्ञ यावर भांडत आहेत. आम्हांस हमालांच्या वस्तीत जे दिसते ते सांगतो. सुयांचा उपचार म्हणजे आठवड्यातून दोनदा अर्धा तास बिछान्यावर निजणे, आणि तेवढा वेळ कोणीतरी आपल्याशी आस्थेने बोलणे, कोठे दुखते ते बोटाने दाबून विचारणे. आमच्या माणसांना हा अर्धा तास कोण देतो? मोठ्या दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टर मान वर न करता गोळी लिहितो. त्यात त्याचाही दोष नाही, मागे दीडशे माणसे उभी असतात. गोळी खाऊन माणूस दुसऱ्या पाळीला उभा राहतो आणि मूळ दुखणे वाढवून घेतो. गोळ्याही गंगाजळासारख्या निर्मळ नाहीत. रोफेकॉक्झिब ही जगभर खपलेली सांधेदुखीची गोळी हृदयविकाराच्या भयाने २००४ साली बाजारातून काढून घेतली. डायक्लोफेनॅक जनावरांना टोचल्याने त्यांची मढी खाणारी गिधाडे आपल्या देशात जवळजवळ नाहीशी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावे लागले. चिपळूण-श्रीवर्धनकडची जुनी माणसे गिधाडांच्या आठवणी सांगतात, त्यांना हे कारण सांगून ठेवा.

आता आपल्या घरच्या औषधांकडे वळू. केईएममध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टर शरदिनी डहाणूकरांनी आयुर्वेद संशोधनाचे केंद्र उभे केले. बाई औषधशास्त्राच्या प्राध्यापक, आणि मराठीत झाडापेडांवर सुंदर लिहिणाऱ्या. २००२ साली त्या गेल्या. आयुर्वेदाची आरती करावयाची नाही आणि टवाळीही नाही, प्रश्न विचारावयाचे, ही त्यांची रीत.

पुण्यात १९९१ साली प्रसिद्ध झालेली परीक्षा आमच्या विषयाची थेट आहे. सांध्यांची झीज झालेले ४२ रोगी. अश्वगंधा, शल्लकी म्हणजे सालईचा डिंक, हळद आणि जस्त यांचे मिश्र औषध. तीन महिने एका गटाला औषध, दुसऱ्याला पोकळ गोळी. मध्ये पंधरा दिवस काही नाही. मग तीन महिने अदलाबदल. यात प्रत्येक रोगी स्वतःच स्वतःचा तराजू होतो, ही युक्ती आम्हांस फार पटली. औषधाच्या काळात दुखणे आणि अडचण दोन्ही कमी झाली, पण क्ष-किरणाच्या चित्रात सांधा होता तसाच राहिला. २००३ साली नागपूरच्या डॉक्टरांनी नुसत्या शल्लकीची परीक्षा गुडघ्याच्या ३० रोग्यांवर याच रीतीने केली. तेथेही दुखणे उतरले, चालण्याचे अंतर वाढले, आणि क्ष-किरणात फरक नाही. म्हणजे या औषधाने झिजलेला सांधा भरून येतो असे कोणी जाहिरातीत लिहिले तर ते खोटे आहे. सुसह्य होतो म्हणा, तेही थोडे नाही.

सर्वांत मोठे काम डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीचे ४४० रोगी, चोवीस आठवडे, चार गट. दोन गटांना सुंठ, गुळवेल, शल्लकी, आवळा अशा द्रव्यांची औषधे, तिसऱ्याला ग्लुकोसामाइन, चौथ्याला सेलेकॉक्झिब ही आजची वेदनाशामक गोळी. पैसा केंद्र सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेच्या योजनेचा, म्हणजे तुमचा आमचा. आधीच ठरवून ठेवलेल्या मर्यादेत चारही औषधे सारखी ठरली. येथवर वाचून वैद्यमंडळींनी टाळ्या वाजवल्या. पण त्याच लेखात पुढे लिहिले आहे, की आयुर्वेदाची औषधे घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताच्या त्रासाची खूण दिसली. त्यांना स्वतःला काही जाणवत नव्हते. औषध ताबडतोब थांबवले आणि रक्त पूर्ववत झाले. “झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?” असे म्हणणाऱ्याला हे सात जण दाखवावेत. रक्त तपासले म्हणून कळले. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तर १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल निघाला. आपल्या आठवडी बाजारातल्या पुड्या कोण तपासतो?

याच चोप्रांच्या मंडळींनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली होती. गावाची वस्ती सहा हजारांच्या आसपास. प्रौढांपैकी शेकडा १८ जणांना हाडासांध्यांचे दुखणे निघाले. पाच-सहा माणसांत एक! गावातल्या देवीच्या साथीची नोंद सरकारी दप्तरात सापडेल, या दुखण्याची सापडत नव्हती.

आता मोजमापाच्या हत्याराविषयी. ताप मोजावयास पारा आहे. दुखणे मोजावयास काय? कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ काढतात. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून अधिक असूच शकत नाही’. रोग्याने खूण करावयाची आणि डॉक्टराने पट्टीने अंतर मोजावयाचे. प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हसू आले, मग विचार करू लागलो. मालकाच्या कचेरीत आम्ही हमालाला घेऊन जातो तेव्हा साहेब विचारतो, “क्ष-किरणात काही दिसते का?” दिसत नसेल तर माणूस कामचोर. एका कारखान्यात तर “हात-पाय शाबूत, कारण अमान्य” असा शेरा मारून एका बाईची भरपगारी रजा नामंजूर केलेली आम्ही पाहिली आहे. आणि येथे जगातली विद्वान मंडळी, लाखो रुपये खर्चून, शेवटी त्याच माणसाने मारलेल्या खुणेवर विश्वास ठेवतात. गुडघ्याच्या आतली गोष्ट गुडघेवाल्याखेरीज कोणाला कळत नाही, हे शास्त्राने कबूल केले आहे.

रेघेच्या जोडीला प्रश्नावली असते. गुडघ्यासाठी जी जगभर चालते तिला वोमॅक म्हणतात. ती कॅनडात तयार झाली. जिना चढताना दुखते का, रात्री अंथरुणात दुखते का, हे प्रश्न ठीक. पण मोटारीत चढताना-उतरताना त्रास होतो का? पायमोजे घालताना होतो का? आमच्या रापणकराला हे विचारले तर तो विचारणाऱ्याकडेच काळजीने पाहील. पुण्याच्या संशोधकांनी ही प्रश्नावली आपल्या लोकांसाठी बदलून घेतली, मांडी घालणे, उकिडवे बसणे यांची दखल घेतली. हे काम दिसायला किरकोळ, पण आमच्या मते औषधाइतकेच मोलाचे. प्रश्नच परका असला तर उत्तर खरे कोठून येणार?

एक गोष्ट कामगारांच्या वतीने सांगणे प्राप्त आहे. परीक्षा माणसांवर होते, आणि ती माणसे बहुधा आमच्यातली असतात. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने यासाठी १९८० साली नीतिनियम प्रथम काढले, पुढे २०००, २००६ आणि २०१७ साली ते सुधारले. रोग्याला त्याच्या भाषेत समजावून सांगून संमती घ्यावी, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा असावी, येण्याजाण्याचा खर्च द्यावा. नव्या औषधाच्या परीक्षेत अपाय झाल्यास भरपाईचा नियम २०१३ साली आला. नियम चांगले आहेत. पण रोजंदारीच्या माणसाला चोवीस आठवड्यांत आठदहा वेळा जिल्ह्याच्या गावी बोलवावयाचे म्हणजे आठदहा खाडे. एस.टी.चे भाडे मिळेल, बुडालेल्या रोजाचे काय? म्हणून असल्या परीक्षांत पगारी, पेन्शनवाली, फावल्या वेळाची माणसे अधिक येतात, आणि औषध ठरते ते त्यांच्या गुडघ्यांवरून. चिरेखाणीतला गुडघा निराळा असतो. रोज भरून द्या, तपासणी वाडीत येऊन करा, मग पाहा किती माणसे येतात. दुखणे लपवणारी हीच माणसे रांग लावतील.

यंदा काजूच्या हंगामाआधी आमच्या कारखान्यातल्या बायकांच्या बैठकीत आम्ही ती प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली आणि विचारले, यांत तुमचे प्रश्न कोणते घालावेत? आधी बराच वेळ कोणी बोलेना. मग एकीने सांगितले, यंत्रावरचा पाय दुपारनंतर उचलतो का, ते विचारा. दुसरी म्हणाली, विहिरीवरून दुसरी कळशी आणता येते का. एक म्हातारी कोपऱ्यात होती, तिने विचारले, नातवाला कडेवर घेऊन उठता येते का, हे त्यात आहे काय? नव्हते. आम्ही ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. एकूण सतरा प्रश्न झाले.